उंदराच्या पोटातला खटका

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ हा वाक्प्रचार आपण व्यर्थ गेलेल्या श्रमांसाठी वापरतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नेमके याच्या उलट केले. मी उंदीर पोखरला आणि त्यातून शिकण्यासारख्या गोष्टींचा एक लहानसा डोंगर निघाला. हा उंदीर म्हणजे अर्थातच संगणकाचा माउस. मराठी विभागाच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात कविता द्यावी, फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण लिहावे, असा रिवाज आहे. तो मोडून मी हातात स्क्रू-ड्रायव्हर का घेतला, हे आधी सांगायला हवे.

दुखण्याचे स्वरूप

प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरवीत होते. आजीने म्हटलेल्या ओव्यांचे आधी ध्वनिमुद्रण केले, मग त्या टंकलिखित केल्या आणि शेवटी विषयवार लावायला घेतल्या. भावाच्या ओव्या एका मथळ्याखाली, लेकीच्या दुसऱ्या, सासुरवासाच्या तिसऱ्या. काम सोपे होते. ओवी निवडायची, माउसचे डावे बटण दाबून धरायचे, ओवी ओढत योग्य मथळ्याखाली न्यायची आणि बोट उचलायचे.

थोड्याच दिवसांत माउस विचित्र वागू लागला. एक टिचकी मारावी तर संगणक दोन मोजी. बंद करायची खिडकी एक, बंद होत दोन. हे चिडचिड करण्यापुरतेच होते. पण खरा घात दुसरीकडे चालला होता. ओवी ओढून नेत असताना, माझे बोट बटणावर घट्ट असतानाही, क्षणभर संगणकाला वाटे की मी बटण सोडले. ओवी वाटेतच गळून पडे. भावाची ओवी सासऱ्याच्या ओव्यांत जाऊन बसे. पडद्यावर कोठेही सूचना नाही, आवाज नाही. मी पुढची ओवी उचले आणि मधूनमधून फाइल जतन करी.

हे माझ्या ध्यानात आले ते आजीमुळे. छापलेली पाने मी तिला वाचून दाखवीत होते. एके ठिकाणी तिने हात वर केला आणि म्हणाली, “अगं, ही इथली नव्हं. ही भावाची हाय.” मी पाने चाळली, तशा आणखी काही निघाल्या. मूळ क्रमाची वेगळी प्रत मी ठेवली नव्हती. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. तीच ओवी ती दुसऱ्यांदा म्हणते तेव्हा शब्द तेच राहतील याची खात्री नसते. ध्वनिमुद्रण शाबूत होते म्हणून बचावले. त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. साफ बंद पडलेले यंत्र निदान काम थांबवते. अर्धवट बिघडलेले यंत्र काम चालू ठेवते आणि चुका आपल्या नावावर जमा करीत जाते.

माउस घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार हसला. “ताई, माउस कुणी रिपेअर करतं का? नवा घ्या.” त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याच्या तासाभराच्या मजुरीत नवा माउस येतो. परंतु चांगला दिसणारा, चांगला चालणारा, फक्त एका बटणात खोडी असलेला तो जिन्नस कचऱ्यात टाकायला मन होईना. शिवाय घरी धाकटा भाऊ म्हणाला, “आर्ट्‌सवाल्यांचं काम नाही ते.” मग तर दुरुस्त करणे भागच होते.

उंदराची कुळकथा

ज्या वस्तूवर उपचार करायचा तिची कुळकथा ठाऊक असावी, म्हणून थोडा इतिहास. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाच्या कल्पनेतून माउस जन्मला. १९६४ साली त्याचा पहिला नमुना त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तयार केला. ती एक लाकडी पेटी होती. तिच्या तळाशी एकमेकींशी काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. वर बटण एकच. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक करून हे साधन जगापुढे मांडले. त्याच वर्षी जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीनेही गोल चेंडूवर चालणारे अशाच धर्तीचे उपकरण बाजारात आणले होते. एंगलबार्ट यांना पेटंट मिळाले ते १९७० साली. त्या दस्तऐवजात ‘माउस’ हे शीर्षक नाही. पडद्यावरील स्थान दर्शविणारे साधन, अशा अर्थाचे रुक्ष नाव आहे. शेपटीसारख्या वायरीमुळे प्रयोगशाळेत सारे त्याला उंदीर म्हणू लागले आणि तेच नाव टिकले. प्रथम कोणी म्हटले, हे पुढे खुद्द एंगलबार्ट यांनाही आठवत नव्हते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. शास्त्रज्ञांनी योजलेले नाव कागदावर राहिले आणि बोलताना पडलेले नाव जगभर गेले.

पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात चाकांची जागा चेंडूने घेतली. १९८३ साली ॲपल कंपनीचा लिसा आणि १९८४ साली मॅकिंटॉश हे संगणक माउससह आले, तेव्हा हे साधन सामान्यांच्या टेबलावर पोचले. चेंडूच्या माउसला धुळीचे मोठे वावडे होते. आतल्या रुळांवर मळाची पुटे चढत आणि ती नखाने खरवडावी लागत. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने प्रकाशावर चालणारा माउस आणला आणि चेंडू हळूहळू नाहीसा झाला. पेटंटची मुदत तत्पूर्वीच, १९८७ साली, संपली होती. ज्याच्या कल्पनेवर करोडो वस्तू खपल्या त्या एंगलबार्ट यांना त्यांतून स्वामित्वधन मिळाले नाही. २०१३ साली ते निवर्तले.

आत काय असते

आजचा साधा माउस उघडला तर तीन अवयव ओळखता आले पाहिजेत.

पहिला अवयव डोळा. तळाच्या छिद्रातून तांबडा प्रकाश टेबलावर तिरका पडतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेतातली ढेकळे जशी उठून दिसतात, तसे त्या प्रकाशात कागदाचे किंवा लाकडाचे बारीक उंचवटे छाया टाकतात. वर बसवलेला एक इवलासा कॅमेरा भिंगातून त्यांची चित्रे घेत असतो. १९९९ च्या त्या माउसमध्ये हा वेग सेकंदाला १५०० चित्रे इतका होता. चित्र अगदी लहान, प्रत्येक बाजूस जेमतेम १६ ठिपक्यांचे. लागोपाठची दोन चित्रे ताडून पाहून आतली चकती ठरवते की माउस कोणत्या दिशेला किती सरकला. स्वच्छ काचेवर असा माउस चालत नाही, कारण काचेवर छाया पडायला उंचवटेच नसतात.

दुसरा अवयव मधले चाक. त्याच्या आसाला एक मोजणी-यंत्र जोडलेले असते. काही माउसांत ते खाचांच्या चकतीतून येणारा प्रकाश मोजते, काहींत धातूचे स्पर्शबिंदू मोजते. त्यात धूळ वा केस गेला की चाक पुढे फिरवावे आणि पान मागे जावे, असा प्रकार होतो.

तिसरा आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचा अवयव म्हणजे बटणाखालचा खटका. आपण दाबतो ते प्लॅस्टिकचे बटण केवळ झाकण आहे. त्याच्या पोटातून एक खुंटी खाली येते आणि एका लहानशा काळ्या डबीवरचा ठिपका दाबते. सर्रास वापरली जाणारी ही डबी साडेबारा ते तेरा मिलिमीटर लांब आणि सहा मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद व उंच असते. तिला खाली तीन पाय असतात. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक बारीक पट्टी ताण देऊन बसवलेली असते. जत्रेत पत्र्याची टिकटिकी मिळते ती आठवा. पत्रा हळूहळू दाबला तरी तो हळूहळू वाकत नाही. एका विशिष्ट क्षणी ‘टिक’ करून पलटतो. तसेच येथे. बोट सावकाश दाबो वा झटकन, पट्टी मात्र एकाच झटक्यात वरच्या स्पर्शबिंदूवरून खालच्या स्पर्शबिंदूवर येते. उंदराच्या पिंजऱ्याचा खटका याच जातीचा. पिंजऱ्यात उंदीर असतो, इथे उंदरात खटका आहे, इतकाच फरक.

एका टिचकीच्या दोन का होतात

धातू धातूवर आपटला की तो किंचित उसळतो. पट्टीही प्रत्येक टिचकीला काही सहस्रांश सेकंद उसळते आणि तेवढ्यात जोडणी अनेकदा जुळते-तुटते. माउस बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून आतला चिप पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ डोळे मिटून घेतो आणि उसळी शमेपर्यंतचा गोंधळ मोजत नाही. नवा खटका या मुदतीत शांत होतो.

कालांतराने दोन गोष्टी घडतात. पट्टीचा ताण सैलावतो, त्यामुळे स्पर्शाचा दाब कमी होतो. आणि स्पर्शबिंदूंवर पुट चढते. हे बिंदू पुष्कळदा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. कपाटात ठेवलेले चांदीचे पैंजण काळे पडतात हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तोच प्रकार या बिंदूंवर सूक्ष्म प्रमाणात होतो. दिव्याच्या मोठ्या बटणात दर वेळी लहानशी ठिणगी पडून असे पुट जळून जाते. माउसमधला विद्युत्प्रवाह इतका क्षीण की पुट जाळण्याची ताकद त्यात नाही. मग बटण दाबून धरले तरी जोडणी मधूनच तुटते, पुन्हा जुळते, आणि हा गोंधळ चिपने नेमलेल्या मुदतीपलीकडे जातो. साधा माउस सामान्यतः सेकंदाला सव्वाशे वेळा आपली स्थिती संगणकाला कळवतो. त्यांतल्या एखाद्या वेळी जरी ‘सुटले’ असा निरोप गेला, तरी संगणकाच्या लेखी मी बटण सोडलेले असते. आजीच्या ओव्या ज्या फटीतून गळून पडत होत्या, ती फट ही एवढी.

आधी निदान, मग उपचार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिक्सर, पंखे आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माउस हातात न घेता प्रथम विचारले, “दुखणं उंदराचं आहे हे कशावरून?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी सांगितलेली परीक्षा मी येथे क्रमाने देते.

माउस दुसऱ्या भोकात आणि शक्य तर दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तेथेही तीच खोडी दिसली तर दोष माउसचा. मग संगणकाच्या मांडणीत जाऊन डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करावी, जशी डावखुरी माणसे करतात. आता निवडण्याचे काम उजवे बटण करील. ते जर बिनतक्रार काम करू लागले आणि डावे बटण मात्र तसेच अडखळत राहिले, तर दोष डाव्या खटक्यात आहे हे निश्चित. माझ्याकडे तसेच घडले.

इतर लक्षणेही सांगून ठेवते. माउसचा दिवा लागत नसेल किंवा वायर हलवली की लागत-विझत असेल, तर वायर आत तुटली आहे. ती बहुधा माउसच्या मानेपाशी तुटते, कारण तिथेच ती सारखी वाकते. दिवा लागतो पण बाण थरथरतो किंवा उड्या मारतो, तर तळाच्या छिद्रात केस अडकला आहे काय ते पाहावे. पुष्कळदा एका फुंकरीने काम भागते. बिनवायरचा माउस मेला असेल तर बॅटरीची खोली उघडावी. तिथल्या स्प्रिंगवर पांढरे-हिरवे बुरशीसारखे काही दिसले तर अल्कलाइन बॅटरी गळली आहे. कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर लावून ते पुसावे, मग स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यावे.

शस्त्रक्रिया

साहित्य थोडे लागते: बारीक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पंप आणि जमल्यास मल्टिमीटर. यांतल्या शेवटच्या चार वस्तू काकांच्या. स्क्रू ठेवायला काड्यापेटी आणि प्रत्येक पायरीचे चित्र काढायला वही. वही विनोदाने लिहिलेली नाही. उघडताना सगळे आठवेल असे वाटते आणि जोडताना काहीही आठवत नाही.

माउस संगणकापासून सोडवावा. बिनवायरचा असल्यास बॅटरी काढावी. तळाशी स्क्रू दिसत नाहीत म्हणून गोंधळू नये. ते बहुधा गुळगुळीत पायपट्ट्यांखाली, कधी नाव छापलेल्या चिटोऱ्याखाली दडलेले असतात. पट्टी नखाने सावकाश उचलावी, म्हणजे ती पुन्हा चिकटवता येते. स्क्रू काढल्यावर वरचे कवच मागून उचलावे. पुढे ते आकड्यांत अडकलेले असते, तेथे जोर केला तर आकडे मोडतात. आत भिंग असते, त्याला बोट लावू नये. चाक उचलून बाजूला ठेवावे, धूळ ब्रशने झाडावी.

आता खटका. पहिला उपाय सर्वांत सौम्य. डबीवरच्या ठिपक्याच्या कडेला अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा आणि तो ठिपका शे-दोनशे वेळा दाबायचा. घासून पुट निघते. मी हे केले आणि माउस सुधारला. मला फार आनंद झाला. तो चार दिवस टिकला.

दुसरा उपाय नाजूक आहे. डबीचे वरचे झाकण सुईने सोडवायचे, आतली पट्टी काढायची, तिच्या वाकलेल्या भागाला अगदी किंचित अधिक बाक देऊन ताण वाढवायचा आणि ती परत बसवायची. काकांनी सावध केले होते. तरीही मी उत्साहाच्या भरात झाकण उचलले. ठिपका, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, टेबलावरून उडाला. तो शोधायला अर्धा तास गेला. पट्टी चिमट्यात धरून बाक दिला तो बेताबाहेर गेला, आणि परत बसवताना तिची जीभ तुटली. आतापर्यंत माउस दहातून एकदा चुकत होता. आता तो दहाही वेळा गप्प राहिला. भावाने काही म्हटले नाही. ते अधिक लागले.

मोडका खटका मुठीत धरून मी काकांपुढे उभी राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी भंगाराच्या डब्यातून वायर तुटलेला एक जुना माउस काढला आणि विचारले, “ह्याचा कुठला खटका घेशील?” मी म्हटले, “डावा.” ते म्हणाले, “डावा तर ह्याचाही झिजलेला. उजवा घे. उजवं बटण माणूस कमी दाबतो.” इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. असा डबा हाताशी नसेल, तर त्याच मापाचा नवा खटका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो.

डाग देण्याची विद्या

तिसरा उपाय म्हणजे खटका बदलणे. त्यासाठी सोल्डर करावे लागते. आपल्याकडे याला डाग देणे म्हणतात. ज्यांनी दारावर आलेला कल्हईवाला पाहिला आहे त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही. तो भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, धूर होतो, आणि मग कथील फिरवतो. नवसागर तांब्यावरचे पुट खाऊन टाकतो, म्हणून कथील तांब्याला धरते. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. ती येथे नवसागराचे काम करते. तारही कथलाचीच, त्यात शिशाची भेसळ. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असे मिश्रण १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते. कथील एकटे वितळायला २३२ अंश लागतात आणि शिसे एकटे ३२७. दोघे एकत्र आले की दोघांपेक्षाही लवकर विरघळतात. शिसे विषारी आहे. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, धूर नाकात घेऊ नये आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

काकांनी एकच मंत्र दिला: “सोल्डर तापवायचं नाही, जोड तापवायचा.” नवशिका तार आयर्नवर वितळवतो आणि तो थेंब थंड जोडावर टाकतो. तो चिकटल्यासारखा दिसतो, पण आत धरलेला नसतो. आयर्नचे टोक एकाच वेळी खटक्याच्या पायाला आणि पट्टीवरील तांब्याच्या ठशाला टेकवावे, दोन सेकंद थांबावे, आणि मग तार जोडाला लावावी. जोड पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपण होऊन पसरते आणि चकचकीत टेकडीसारखे बसते.

जुना खटका काढताना तीनही पायांवर आधी थोडे ताजे सोल्डर द्यावे. हे उलटे वाटते, पण ताज्या राळेमुळे जुने सोल्डर सहज वितळते. मग एकेक पाय तापवून पंपाने सोल्डर ओढून घ्यावे. एका ठिकाणी तीन-चार सेकंदांहून अधिक आयर्न ठेवू नये; तांब्याचा ठसा पट्टीवरून सुटून येतो आणि मग मात्र पंचाईत होते. पाय मोकळे झाले की खटका ओढावा लागत नाही, अलगद निघतो. तो ओढावासा वाटला तर समजावे की एखादा पाय अजून अडकलेला आहे.

नवा खटका बसवताना दिशा पाहावी. पाय सारख्या अंतरावर असल्यामुळे तो उलटाही बसतो, पण वरचा ठिपका मध्यावर नसून एका बाजूला असतो. उलटा बसवला तर बटणाची खुंटी ठिपक्यावर येत नाही आणि पायांची कामेही बदलतात. येथे वहीतले चित्र उपयोगी पडले. खटका पट्टीला टेकवून, सरळ आहे ना हे पाहून, आधी एकच पाय जोडावा. तिरका झाला असेल तर तो याच वेळी सुधारता येतो. मग उरलेले दोन. कवच लावण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहावे: दाबले की एका जोडीत वाजले पाहिजे, सोडले की थांबले पाहिजे.

वायर तुटली असेल तर मानेजवळचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकावा आणि आतल्या तारा पूर्वीच्याच जागी जोडाव्यात. बहुधा त्या चार असतात: लाल तारेत पाच व्होल्ट, काळी परतीची, हिरवी आणि पांढरी निरोपाच्या. परंतु काही माउसांत रंग वेगळे असतात, म्हणून कापण्याआधी वहीत लिहून घ्यावे. वायरीला ताण बसू नये म्हणून कवचाच्या आत जी गाठ किंवा खोबण असते, तिच्यातून ती पुन्हा नेण्यास विसरू नये. नाही तर महिनाभरात तीच तक्रार परत येते.

परीक्षा

दुरुस्त झाले असे वाटणे आणि दुरुस्त होणे यांत अंतर आहे, हे मी अल्कोहोलच्या थेंबापासून शिकले होते. म्हणून दोन परीक्षा घेतल्या. चित्रे काढण्याच्या साध्या कार्यक्रमात डावे बटण दाबून धरून पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे नागमोडी रेघ ओढली. पूर्वी ही रेघ जागोजागी तुटत असे. आता ती अखंड आली. असे पन्नास वेळा केले. मग एका कोऱ्या पानावर शंभर टिचक्या मारून शंभर ठिपके काढले. कुठेही एक शब्द निवडला गेला वा खिडकी दोनदा उघडली असे झाले नाही. हाच क्रम आठ दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा केला. हा लेख लिहिताना तोच माउस उजव्या हाताशी आहे.

त्यानंतर तीन संध्याकाळी मी आणि आजी ध्वनिमुद्रण लावून बसलो. ती ऐके आणि मी पानावर बोट ठेवी. चुकलेली प्रत्येक ओवी आपल्या घरी परत गेली. या वेळी मूळ क्रमाची वेगळी प्रत आधी ठेवली, हे सांगायला नकोच.

हिशेब

कोणी विचारील, एवढ्या खटाटोपात मिळाले काय? पैशांत मोजले तर फारसे काही नाही. नव्या माउसची किंमत वाचली आणि चार संध्याकाळी खर्च झाल्या. दुकानदाराचा हिशेब त्याच्या जागी बरोबरच आहे. पण त्या हिशेबात टाकलेला माउस पुढे कोठे जातो, याची रक्कम मांडलेली नसते. तो भंगारात जातो, तिथे तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो धूर कोणीतरी छातीत घेतो. सरकारही आता याकडे पाहू लागले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले, आणि ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर ती किती सहज दुरुस्त होते याचे गुण छापावे लागतात. हे सारे योग्यच आहे. परंतु हक्क कागदावर मिळून भागत नाही. तो बजावणारा हातही लागतो. काकांचा मुलगा त्यांच्या धंद्यात आलेला नाही, आणि तो भंगाराचा डबा उद्या कोण उघडील हे त्यांना ठाऊक नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात कोपऱ्यात एक खोका आहे, त्यात असे मौन पत्करलेले माउस पडून आहेत. प्राचार्यांची परवानगी मिळाली तर एका शनिवारी दुपारी ते उघडून पाहावेत, असा माझा विचार आहे. काकांनी येण्याचे कबूल केले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी एक काड्यापेटी आणि एक वही बरोबर आणावी. शाखा कोणतीही चालेल.